भाऊ समजा

"जिता हाय म्हणून दरसाली सांगाया यायचं. आन् मेल्यावर? मेल्यावर येतंय का कुणी इचाराया, की बाबा, खरंच मेलास का म्हणून?"

सुंदरराव हे कुणालाच म्हणत नव्हते. पाटबंधाऱ्यातून रिटायर झालेले चौकीदार, ऐंशीच्या घरातले; काउंटरवर इतके वाकले होते की त्यांचं पुटपुटणं मंजुषाच्या कानापासून वीतभरावर होतं, आणि त्याला तंबाखूचा वास होता. केजच्या स्टँडमागच्या त्या सेवा केंद्रात नोव्हेंबरभर हेच चालतं. पेन्शनवाले येतात, मशीनवर अंगठा देतात, पडद्यावर हिरव्यात 'हयात' असं उमटतं आणि माणूस पुढच्या नोव्हेंबरपर्यंत जगायला मोकळा होतो. सुंदररावांचा अंगठा काही लागेना. त्यावर रेघाच उरल्या नव्हत्या. मंजुषानं तो ओढणीनं पुसला, त्यावर फुंकर घातली, पुन्हा दाबला. चौथ्यांदा हिरवं झालं. "झालं आजोबा. हाय तुमी." "हाय ना? नीट बघ बरं," म्हातारबा म्हणाले आणि बोळकं पसरून हसले. मागची बाईही हसली. मंजुषानं त्या बाईचा फॉर्म उघडला आणि नावाच्या चौकोनात तिच्या बोटांनी, तिला न विचारता, 'बजरंग' असं लिहिलं. त्याच्यापुढे रेघ लुकलुकत राहिली. बाई म्हणाली, "ताई, माजं नाव मंदाकिनी हाय." मंजुषा म्हणाली, "हो हो," आणि खोडलं. पण खोडताना एकेक अक्षर मागे मागे जात नाहीसं होताना तिनं पाहिलं, आणि दिवसभर तिला तेच दिसत राहिलं.

बजरंग तिचा थोरला भाऊ. उसाच्या सीझनला ट्रॅक्टर घेऊन कर्नाटकात गेला होता, त्याला सात वर्षं झाली. शेवटच्या फोनला म्हणाला होता, इथं रेंज न्हाई, मागून लावतो. मागून म्हणजे किती मागून हे त्याच्या घरात त्यानंतर कुणी मोजलं नाही. माय, म्हणजे भिवराबाई, 'आला की' असं म्हणायची. बजरंग आला की पत्रे बदलू. बजरंग आला की दातांचं बघू. वहिनी, मनिषा, कुंकू लावून शाळेत खिचडी शिजवायला जायची आणि तिचा धर्मापुरीचा भाऊ, धर्मराज, वर्षातून एकदा येऊन, बहिणीकडे बघत, चहा पिऊन जायचा. त्याला काय बोलायचं असे ते सगळ्यांना ठाऊक होतं. मनिषा तेहतीस वर्षांची होती. त्यानं घसा खाकरला की माय उठून साखर आणायला आत जायची. बजरंगचा फोटो आधी भिंतीवर होता, आजोबा-आजीच्या शेजारी. एक दिवस मायनं तो उतरवला आणि आरशाच्या कडेला खोचला, कारण त्या भिंतीवरचे सगळेच गेलेले. भाऊबीजेला मात्र खरी पंचाईत. ज्यांना भाऊ नाही त्या चंद्राला ओवाळतात. मायनं चंद्राला ओवाळू दिलं नाही. मग मंजुषा ताट घेऊन आरशासमोर उभी राहायची. निरांजन फिरायचं, फोटो ओवाळला जायचा, आणि त्याच्याशेजारी काचेत तिचा स्वतःचा चेहराही उजळून निघायचा, कुणीतरी आपल्यालाच ओवाळतंय असा, वर्षागणिक थोडा म्हातारा.

अशा घरातली ही मुलगी संध्याकाळी जमीलच्या गॅरेजमागच्या खोलीत जाऊन घसा खरवडून ओरडते, हे केजात तसं गुपित नव्हतं. गुपित काहीच राहत नाही. फक्त लोकांना त्याला काय म्हणावं हे कळत नव्हतं. तिघांचा बँड होता, नाव 'उसवण'. फराज, जमीलचा पोरगा, ड्रम वाजवायचा. दोन ढोल खरे, बाकी ट्रकचे मोडके कमानपाटे दोरीनं टांगलेले, त्यांच्यावर हातोडीनं. अजिनाथ एरवी लग्नांना साउंड लावायचा; त्याची गिटार इतकी सैल लावलेली की तारा पट्टीवर आपटून खरखरायच्या, दगडी पाटा कुणी अंगणातून ओढत नेतंय असं वाटे. आणि आवाज मंजुषाचा. तो तिनं मोबाइलवर बघून बघून, शाळेच्या गच्चीवर एकटीनं शिकला होता. छातीतून नाही, पोटातून नाही, त्याच्याही खालून आणायचा. मायला वाटे पोरीला दम्याची सुरुवात आहे. ती रोज उशाशी ज्येष्ठमध ठेवायची, आणि त्या ज्येष्ठमधावरच हा बँड चालला होता असं म्हटलं तरी चालेल.

गाणं बनवायची त्यांची एक रीत होती. शब्दांपासून सुरुवात करायची नाही. प्रत्येकानं पाळीनं एक आवाज आणायचा, आपल्या घरातला, जो ऐकवला तर चालेल पण ज्याबद्दल बोलता येणार नाही. बाकीच्यांनी विचारायचं नाही. आठ दिवस प्रत्येकानं तो एकट्यानं ऐकायचा आणि मग त्याच्याभोवती वाजवायचं. पहिला फराजनं आणला: त्याच्या नानीच्या, अकबरीच्या, शेवटच्या महिन्यांतल्या ऑक्सिजनच्या मशीनची फुसफूस. तिच्या श्वासांच्या मापात त्यानं ड्रम बसवला, आणि मशीन जिथे थांबतं तिथे हातोडी हवेतच ठेवली. अजिनाथनं बापाचं तोतरेपण आणलं. बापाचा 'क' अडकायचा; गिटार त्याच एका सुरावर डोकं आपटत राहायची, चार मिनिटं, आणि पुढचा सूर आला की ऐकणाऱ्याच्या अंगातून काहीतरी सुटायचं. लोकांना वाटतं असलं संगीत रागाचं असतं. एकदा अंबाजोगाईच्या कॉलेजात वाजवलं तर एक मास्तर म्हणाले, तुम्हाला एवढा कसला राग आलाय? फराज म्हणाला, "सर, राग आला तर मी सरळ शिवी देतो ना. त्याला एवढं सामान कशाला उचलू?"

तिसरी पाळी मंजुषाची. वर्ष झालं, तिनं काही आणलं नव्हतं. आणि वर्षभरात आणखी एक झालं होतं, ज्याबद्दल तिघंही गप्प होते: तिचा आवाज पोकळ झाला होता. जोर तेवढाच, खरखर तेवढीच, पण आत कुणी नाही. तिला स्वतःला ते ऐकू यायचं. बंद घराच्या दारावर थापा मारल्यावर येतो तसा. तिच्या गाण्यासाठी त्यांनी अकरा ठोक्यांची जागा मोकळी ठेवली होती. ती जागा आली की ती तोंड उघडायची आणि मिटायची. अजिनाथ गिटारची तार पुसत बसे. विचारायचं नाही ही रीत त्यांनी स्वतःच घातली होती.

सुंदररावांच्या त्या पुटपुटण्यानंतर ती गॅरेजात गेली आणि म्हणाली, "मला कडूबाईचं रडणं पाहिजे."

कडूबाई धारूरच्या घाटाखालच्या गावची. मयताला हेल काढून रडावं ते तिनंच. मंजुषानं लहानपणी चुलत्याच्या वेळी ऐकलं होतं. बाकीच्या बायका रडताना फक्त रडतात. ही रडताना सगळं सांगायची, मेलेल्याला समोर बसवून, त्यानं कुठला सदरा घातला, तो कुणाशी भांडला, कोणती भाजी टाकून उठला, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी आवाज वर चढवून तिथेच सोडून द्यायची. रविवारी तिघं दोन गाड्यांवर गेले. कडूबाई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती. फराजनं रेकॉर्डर काढला तेव्हा ती आधी त्याच्याकडे, मग तुरीकडे बघत राहिली.

"उगंच रडू? बिनमयताचं?"

"गाण्यासाठी पाहिजे, आजी," अजिनाथ म्हणाला.

"कावून? तुमच्यात कुणी रडाया न्हाई का?" मग तिनं हात झटकले. "बरं. पर नाव सांगा. नावाबिगर मला हुंदका येत न्हाई."

"कुणाचंबी घ्या ना आजी," फराज म्हणाला.

"कुणाचंबी कुणी मरत न्हाई, लेकरा."

यावर तिघांनी तीन दिशांना पाहिलं. फराजनं कोंबडीकडे, अजिनाथनं घाटाकडे. मंजुषाला समोरच्या भिंतीवरचा शेणाचा हात दिसला, पाच बोटांचा, वाळलेला. तिला ऐकू आलं की आपण म्हणतोय, "भाऊ समजा."

"समजा?" कडूबाई म्हणाली. तिनं मंजुषाकडे बराच वेळ पाहिलं. मग पदर पुढे ओढला, इतका की तोंडच दिसेना, आणि पदराच्या आतून ते सुरू झालं. आवाज म्हातारा नव्हता. तो कुणाच्याच वयाचा नव्हता. *वाट बघून बघून उंबरा झिजला रं माज्या दादा. आलास बी न्हाई, गेलास बी न्हाई रं दादा. पान्याच्या कडंला निजला व्हतास, तुला कुनी वळखलं न्हाई रं दादा.* शेंगा सोलणारे हात मात्र थांबले नव्हते. दाणे थाळीत पडत होते. पाण्याचं तिला कोणी सांगितलं? पाण्याचं कुणालाच सांगितलेलं नव्हतं. रडणं संपल्यावर कडूबाईनं पदर मागे घेतला, डोळे कोरडे. म्हणाली, "चहा घिऊन जावा," आणि मंजुषाला जवळ ओढून तिच्यावरून हात ओवाळून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली, लहान पोरीची दृष्ट काढतात तशी.

पाण्याचं असं होतं. सात वर्षांपूर्वी, माघात, केंद्रावर असताना तिच्या फोनवर अनोळखी नंबरावरून एक फोटो आला. कर्नाटकातल्या कुठल्याशा नदीकाठच्या पोलीस ठाण्यातून. मागोमाग फोन. पलीकडचा माणूस मोडक्या हिंदीत, फार हळू, म्हणाला, बहनजी, देख के बोलो, आपका है क्या. ती मागच्या रसवंतीपाशी जाऊन उभी राहिली. घुंगरू वाजत होते. फोटोत चेहरा म्हणावा असं फारसं नव्हतं. पाणी माणसाचं काय करतं ते तिला तेव्हा कळलं. निळ्या चौकडीचा शर्ट होता. निळ्या चौकडीचे शर्ट केजच्या बाजारात ढिगानं मिळतात. तिला 'हो' म्हणायचं होतं का? पुढे हजारदा तिनं स्वतःला विचारलं. तिला एवढंच आठवे की घशात त्या क्षणी एकच शब्द होता, दुसरा तिथे नव्हताच, आणि तिनं तोच बाहेर काढला: नहीं. माणूस म्हणाला, ठीक है. त्या 'ठीक है'मध्ये त्यालाही सुटल्यासारखं वाटलं की काय कोण जाणे. घरी तिनं सांगितलं, भलत्याच कुणाचा तरी फोटो होता. माय म्हणाली, "मी म्हणलंच व्हतं." मनिषा भाकरी उलटत होती, ती करपली. त्यानंतर मंजुषानं तीनदा फोन बदलला. फोटो तिनं कधी उघडला नाही, कधी पुसलाही नाही, आणि प्रत्येक नव्या फोनमध्ये तो आपोआप, तारखेसकट, तिच्या आधी येऊन बसलेला असे.

कडूबाईचं रडणं ती आठवडाभर कानात घालून फिरली, रीतीप्रमाणे. चौथ्या दिवशी तिला ते सापडलं. 'तुला कुनी वळखलं न्हाई रं दादा' ही ओळ संपते, दोन दाणे थाळीत पडतात, टप, टप, आणि मग एक आवाज येतो. बारीक, अगदी स्पष्ट. "हो." तिनं मागे नेऊन पुन्हा लावलं. हो. बाईचा आवाज. कडूबाईचा नाही. तो तिचाच आवाज होता, तिच्या आतल्या कुठल्या खोलीतून कुणी दुसरंच बोलल्यासारखा, आणि आपण तिथे ओट्यावर काही बोललो असं तिला काही केल्या आठवेना. तिनं फराजकडे पाहिलं. तो कमानपाट्याची दोरी नव्यानं बांधत होता. गाठ बसली होती तरी बांधत होता. म्हणजे त्यानं ऐकलं होतं. अजिनाथनं तर त्या जागेवर फाईलमध्ये एक बारीक खूण करून ठेवली होती. रीत पाळायची म्हणून तिघं त्या एका शब्दाभोवती फिरत होते, विहिरीच्या काठावरून जपून चालावं तसे.

ज्या दिवशी ते झालं तो बाजारचा दिवस होता. गॅरेजच्या बाजूची लाइट गेलेली. अजिनाथ म्हणाला, बॅटरीचा स्पीकर तुज्या घरी आणतो, तासाभराचं तर काम. माय बाजाराला गेली होती, मनिषा शाळेत. त्यांनी पुढच्या खोलीत स्पीकर ठेवला. लग्नाच्या वरातीतला स्पीकर तो. त्याला हळू बोलणं ठाऊक नव्हतं. दार उघडंच राहिलं, कारण केजात भर दुपारी दार लावून घेतलं तर लोक वेगळंच समजतात. अजिनाथनं गिटार मांडीवर घेतली, फराजनं हातोडी, आणि कडूबाई रडायला लागली. त्यांना कळलंच नाही. ते मोजत होते. कुठल्या हेलापाशी गिटार घ्यायची, कुठे थांबायचं, अकरा ठोके कुठून धरायचे. पहिली आली रामप्रसाद किराणावाल्याची बायको, हाताला पीठ तसंच. ती उंबऱ्यात क्षणभर उभी राहिली, स्पीकरकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही, आणि धावत येऊन मंजुषाच्या गळ्यात पडली. "कधी कळलं गं बाई? कधी कळलं?" तिच्या मागून दोघी. मग चार. पदर डोक्यावर घेऊन, चपला बाहेर काढून, येतानाच रडत. गल्लीनं सात वर्षं हे रडणं राखून ठेवलं होतं. कुणीतरी सुरुवात करायचा अवकाश होता.

"काकू, ते रेकॉर्डिंग..." अजिनाथ म्हणाला, आणि पुढचं वाक्य त्याला जमेना. रेकॉर्डिंग आहे. म्हणजे कुणी गेलं नाही. म्हणजे बजरंग आहे. मंजुषाला त्याच्या तोंडावर ते सगळं उमटताना दिसलं, आणि तो बापासारखा पहिल्याच अक्षरावर अडकून राहिला. सगळे तिच्याकडे बघत होते. सांगायला हवं होतं. नाही हो, काही झालेलं नाही, आमचं गाण्याचं चाललंय. तीन सेकंदांचं काम. पण ते म्हणायचं म्हणजे पुन्हा एकदा, बजरंगचा अंगठा धरून, हिरवं करायचं. आणि दुसरं म्हणायचं म्हणजे सात वर्षं मागे जाऊन त्या रसवंतीपाशी उभं राहायचं, माय बाजारात भाजी निवडत असताना, तिच्या पाठीमागे. किराणावालीच्या हातातलं पीठ मंजुषाच्या मानेला लागलं होतं. तिला वाटलं, आपला घसा आता भरलेला आहे, त्यात दोन्ही शब्द आहेत, आणि दोन्ही एकदम बाहेर यायला बघतायत म्हणून एकही येत नाही. फराजनं हात लांब करून स्पीकर बंद केला. रडणं थांबलं नाही. तोच हेल, तीच उंची, ओळीच्या शेवटी आवाज वर नेऊन सोडायची तीच लकब. मशीन कुठे संपलं आणि बायका कुठे लागल्या हे सांगता आलं नसतं. फराजची बोटं त्याच्याही नकळत गुडघ्यावर ठोके धरत होती. एक म्हातारी कोपऱ्यात चुलीकडे बघून म्हणाली, "आज हितं काय पेटवू नगा, पिठलं-भाकर आमच्याकडनं येतीया."

भिवराबाई बाजारातून आली तेव्हा अंगणात चपलांचा ढीग होता. ती त्या चपलांपाशीच थांबली. उजव्या हातात पिशवी, डाव्या हातात मेथीच्या दोन जुड्या. आतलं रडणं ऐकून बाईमाणूस जसं करतं तसं तिनं सवयीनं पदर डोक्यावर घेतला, मेथीसकट, आणि आपल्याच घराच्या उंबऱ्यातून, परक्या घरात शिरावं तशी वाकून आत आली.

"कोण गेलं गं?" तिनं विचारलं.

बायकांचा हेल मध्येच तुटला. बाहेर कुणाची तरी मोटारसायकल किक मारूनही लागत नव्हती ते ऐकू येत होतं.

"मंजू. कोण गेलं?" मायनं सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं, मोजल्यासारखं. "शेवंता का? तिला परवापासनं ताप हाय म्हणत व्हते. का त्या म्हाताऱ्या सुंदररावाचं काय झालं? लई थकलं व्हतं ते." तिचा आवाज नेहमीचा होता. गल्लीत कुणाचं तरी काहीतरी झालेलं आहे आणि आपल्याला आता जायला हवं, तेवढ्यापुरतं वाईट वाटणारा. "सांगा की गं. कुणाच्या घरी जायचंय?"

मंजुषानं तोंड उघडलं. पोटाच्या खालून काहीतरी वर आलं, छातीपाशी आलं, आणि तिथेच थांबून राहिलं. मायच्या डोळ्यांकडे तिनं पाहिलं आणि तिला दिसलं की मायला उत्तर नको आहे. माय नावं सुचवते आहे. कुणीही यातलं एक नाव उचलावं, एवढंच तिचं मागणं आहे; शेवंताचं उचललं तर ती आत्ता पिशवी टाकून शेवंताकडे जाईल, मनापासून रडेल, संध्याकाळी येऊन म्हणेल, बजरंग आला की त्याला सांगू.

"आत्या."

मनिषा दारात होती. शाळेतून आलेली, अंगाला खिचडीच्या फोडणीचा वास, कमरेला अजून ॲप्रन. ती कधीपासून उभी होती कोणास ठाऊक. बायकांनी तिला वाट दिली. ती सासूजवळ आली, तिच्या हातातली मेथी काढून घेतली, पिशवी काढून घेतली, भिंतीला टेकवून ठेवली. मग सासूचे दोन्ही रिकामे हात आपल्या हातात धरले.

"मंजूताईंच्या फोनात फोटू हाय," ती म्हणाली. आवाज अगदी साधा, शाळेत पोरांना रांगेत बसा म्हणावं तसा. "त्यांचा फोन रोज चार्जिंगला मीच लावते. सात वर्सं बघतीय. शर्टाचं तिसरं बटण मी काळ्या दोऱ्यानं लावलं व्हतं, निळा संपला व्हता म्हणून." मंजुषाकडे तिनं पाहिलं नाही. "ते मेलेत, आत्या. तवाच मेलेत."